एसओपी-८ क्लिप कोणती घ्यावी, आणि दोष क्लिपचा नसेल तर काय

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात लॅपटॉप दुरुस्ती शिकणाऱ्या एकाने सीताबर्डीच्या बाजारातून सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिपमधला डेटा संगणकावरून वाचायचं-लिहायचं यूएसबी यंत्र) आणि त्याच्यासोबत मिळणारी एसओपी-८ क्लिप (आठ पायांची चिप बोर्डवरून न काढता पकडणारा चिमटा) घेतली. बोर्डवरची बायोस चिप विनबॉन्डची, ६४ मेगाबिटची. क्लिप लावली की आयडी (चिपचा ओळख-क्रमांक) कधी येतो, कधी नुसतं एफएफ एफएफ एफएफ. एकदा डम्प (चिपमधल्या सगळ्या डेटाची फाइल) निघाला, पण दुसऱ्यांदा काढला तर तो पहिल्याशी जुळत नाही. आता कोणती क्लिप घेऊ म्हणजे खात्रीने काम होईल?

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बिघाड एकत्र आलेत. आयडी कधी येणं, कधी न येणं हा बहुतेक वेळा संपर्काचा दोष, म्हणजे क्लिपचा. पण आयडी बरोबर येऊनही दोन डम्प वेगळे निघत असतील, तर तो क्लिपचा असू शकतो, व्होल्टेजचा असू शकतो किंवा बोर्डवरचं दुसरं कुणीतरी त्याच तारांवर बोलत असू शकतं. महागडी क्लिप पहिला दोष काढते. दुसऱ्याचं मूळ क्लिपमध्ये नसेल तर ती काहीही करू शकत नाही. म्हणून क्लिपचं आधी सांगतो आणि बाकीचं नंतर, पण पैसे खर्च करण्याआधी दोन्ही वाचा.

क्लिप निवडताना पहिलं पाहायचं ते चिपचं पॅकेज, क्लिपचा ब्रँड नाही. आठ पायांच्या या चिपमध्ये दोन पायांमधलं अंतर १.२७ मिमी असतं, पण अंगाची रुंदी दोन प्रकारची: १५० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे साधारण ३.९ मिमी, आणि २०८ मिल म्हणजे साधारण ५.३ मिमी. पायांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर पहिली सुमारे ६ मिमी, दुसरी ७.९ मिमीच्या आसपास भरते. लॅपटॉपच्या ६४ आणि १२८ मेगाबिटच्या बायोस चिपा बहुतेक २०८ मिलच्या. २४सी०२ सारख्या छोट्या ईईप्रॉम सहसा १५० मिलच्या. विनबॉन्डच्या डब्ल्यू२५क्यू६४ च्या पूर्ण ऑर्डर नंबरात ‘एसएस’ असेल तर २०८ मिल, ‘एसएन’ असेल तर १५० मिल. बाजारातल्या बहुतेक क्लिपा ‘दोन्हीला चालते’ म्हणून विकल्या जातात आणि चालतातही, पण रुंद चिपवर जबडा जास्त उघडतो, त्याचा कोन बदलतो आणि संपर्काचं टोक पायाच्या वेगळ्या जागी टेकतं. स्वस्त क्लिप अरुंद चिपवर बरी वागते आणि रुंद चिपवर घसरते, त्याचं हेच कारण.

आता स्वस्त आणि चांगल्या क्लिपमध्ये फरक काय? तुमची क्लिप भिंगाखाली धरा. जबड्याच्या आतल्या बाजूला चार-चार खाचा दिसतील, प्रत्येक खाचेत धातूची एक पट्टी. समोरून पाहिलं तर चारही टोकं एका रेषेत असायला हवीत. आता टाचणीने एकेक टोक हळूच वर ढकलून बघा. चांगल्या क्लिपमध्ये पट्टी जागची हलत नाही, किंवा हलली तरी लगेच परत येते. स्वस्त क्लिपमध्ये एखादी पट्टी खाचेत वर सरकते आणि तिथेच राहते. क्लिप दाबून लावली की हेच होतं: सात संपर्क टेकतात, आठवा अर्धा मिमी वर अधांतरी राहतो. बोट ठेवलं की आयडी येतो, बोट काढलं की जातो. दुसरी खोड प्लास्टिकची. खाचांमधले दाते मऊ असले की पंधरा-वीस वेळा लावून झिजतात, आणि मग क्लिप पायांवर सरळ न बसता अर्धा पाय बाजूला बसते. अशा वेळी शेजारचे दोन पाय एकाच पट्टीला टेकू शकतात, आणि ते संपर्क तुटण्यापेक्षा वाईट.

पोमोनाची ५२५० आणि थ्रीएमची आठ पिनांची एसओआयसी (एसओपीचंच दुसरं नाव) क्लिप या दोन्ही या कामाच्या जुन्या, खात्रीच्या क्लिपा. किंमत स्वस्त क्लिपच्या कितीतरी पट. रोज दोन-चार बोर्ड येत असतील तर घ्या, वसूल होते. आठवड्यात एखादा बोर्ड असेल तर त्याच पैशात तीन-चार साध्या क्लिपा घेऊन त्यातली उत्तम निवडणं आणि बाकीच्या सुट्या भागांसाठी ठेवणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत. एक मात्र लक्षात घ्या: पोमोनाच्या नावाने नकली माल भरपूर फिरतो. नावावर न जाता वर सांगितलेली टाचणीची परीक्षा करा. दुकानदार उघडून दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.

क्लिप कितीही चांगली असली तरी तिला बसायला जागा लागते. चिपच्या दोन्ही लांब बाजूंना जबड्याची जाडी मावेल एवढी मोकळी जागा हवी. बोर्डवर बरेचदा पायांना अगदी खेटून एखादा कॅपॅसिटर किंवा रेझिस्टर असतो. जबडा त्याच्यावर टेकतो, क्लिप तिरकी बसते आणि त्या बाजूचे दोन पाय सुटतात. अशा वेळी जबड्याच्या बाहेरच्या बाजूचं प्लास्टिक बारीक कानशीने घासून पातळ करा. आतल्या दात्यांना हात लावू नका. घासून बिघडवायला म्हणून तरी एक स्वस्त क्लिप जवळ असावी.

आणि पाय स्वच्छ हवेत. फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचा) पिवळा थर वीज अडवतो, आणि काही बोर्डांवर, विशेषतः गाड्यांच्या ईसीयूवर (इंजिन सांभाळणाऱ्या बोर्डवर), पारदर्शक लेप असतो जो डोळ्यांना दिसतही नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. लेप असेल तर पायांच्या वरच्या वळणावरून तो लाकडी काडीने खरवडून घ्या, कारण क्लिप पायाच्या तळाला नव्हे, वरच्या वळणाला टेकते. मे महिन्यात टेबलावर थेट कूलरचा झोत घेऊ नका, ओल आणि धूळ दोन्ही त्या झोताबरोबर येतात. कूलर बंद असेल तर आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की नुसत्या खुर्चीवरून उठल्यावर अंगावर स्थिर वीज साठते. मनगटी पट्टा नसेल तर चिपला हात लावण्याआधी अर्थ केलेल्या धातूला हात लावायची सवय ठेवा.

क्लिप लावायची पद्धत ठरलेली ठेवा. चार्जर काढा, बॅटरी काढा, शक्य असेल तर बटण सेलही काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. चिपवरचा ठिपका शोधा, तो १ नंबरचा पाय. रिबनची लाल तार त्याच बाजूला आली पाहिजे, आणि दुसऱ्या टोकाच्या छोट्या अडॅप्टर बोर्डवरही १ नंबर जुळला पाहिजे. प्रोग्रॅमरच्या सॉकेटचे दोन भाग असतात, २४ मालिकेचा आणि २५ मालिकेचा. बायोस चिप २५ मालिकेची. क्लिप उघडून चिपवर सरळ वरून आणा, सोडा, आणि दोन बोटांनी अगदी हलकं डावं-उजवं हलवा. त्या हालचालीने पायांवरचा ऑक्साइडचा थर घासला जातो. यूएसबी सगळ्यात शेवटी. यूएसबी जोडलेली असताना क्लिप लावायची नाही.

यूएसबी जोडण्याआधी मल्टिमीटर घ्या. एक प्रोब चिपच्या पायावर, अगदी पीसीबीजवळ, दुसरा अडॅप्टर बोर्डच्या त्याच नंबरच्या पिनेवर. आठही पाय मोजा. बीपवर विसंबू नका, बरेच मीटर काही दहा ओहमांपर्यंतही बीप देतात. ओहमच्या रेंजवर ठेवा. प्रोबच्या तारांचा रेझिस्टन्स वजा करून एक ओहमच्या खाली यायला हवं, आणि क्लिप हलवली तरी आकडा जागेवर राहायला हवा. एखादा पाय तीन-चार ओहम दाखवत असेल आणि आकडा नाचत असेल तर गुन्हेगार सापडला. मग शेजारच्या दोन-दोन पिनांमध्ये शॉर्ट नाही ना, तेही बघा. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि क्लिपवरचा संशय कायमचा मिटतो.

आयडीची चूकही बरंच सांगते. सगळं एफएफ आलं तर चिपकडून उत्तरच येत नाही: २ नंबरचा डेटा आउट, १ नंबरचा चिप सिलेक्ट किंवा ६ नंबरचा क्लॉक सुटलाय. सगळं ०० आलं तर ८ नंबरची वीज पोहोचत नाही, ४ नंबरचा ग्राउंड सुटलाय किंवा डेटाची लाइन कुणीतरी खाली ओढून धरलीय. तुमच्या डब्ल्यू२५क्यू६४ चा आयडी ईएफ ४० १७ यायला हवा. त्याऐवजी ७७ ए० ०बी असं काही आलं तर तो नवा चिप नंबर समजून सॉफ्टवेअरच्या यादीत शोधत बसू नका. तो तोच आयडी आहे, सगळे बिट एक घर उजवीकडे सरकलेला. अशा वेळी आधी क्लॉकच्या तारेवर संशय घ्यायचा. आणि ३ व ७ नंबर विसरू नका. ७ नंबरच्या होल्डची लाइन वर ओढलेली (म्हणजे वीजपुरवठ्याच्या व्होल्टेजला धरलेली) नसेल तर चिप मध्येच गप्प बसते. क्लिपचा तेवढाच एक संपर्क ढिला असेल तर डम्प मधूनच बिघडतो.

तारा आखूड ठेवा. क्लिपपासून प्रोग्रॅमरपर्यंत १५ सेंमी उत्तम, २० पर्यंत चालतं. सोबत येणारी लांब रिबन आणि तिला पुढे जोडलेल्या आणखी जम्पर तारा, असा लांबलचक सापळा करू नका. रिबन कापून आखूड करणं अवघड नाही. क्लिपच्या डोक्यावर ८ आणि ४ नंबरच्या पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला तर पुष्कळ लहरी आयडी सुधारतात.

आता दुसरा बिघाड. माझ्या अंदाजाने तुमच्या दोन वेगळ्या डम्पांचं मूळ इथेच असण्याची शक्यता जास्त.

पहिली गोष्ट प्रोग्रॅमरची. काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए बोर्डवर चिपला मिळणारी वीज ३.३ व्होल्ट असते, पण डेटाच्या लाइनी ५ व्होल्टवर चालतात, कारण सीएच३४१ए स्वतः यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. फ्लॅश चिप बरेचदा हे सहन करते, पण लॅपटॉपच्या बोर्डवर त्याच लाइनी चिपसेटलाही (बोर्डच्या मुख्य नियंत्रक चिपलाही) जोडलेल्या असतात, त्याने का सहन करावं? उपाय दोन. एकतर ठाऊक असलेली दुरुस्ती: सीएच३४१ए चा २८ नंबरचा पाय उचलायचा आणि तो व ९ नंबरचा पाय दोन्ही ३.३ व्होल्टला जोडायचे. किंवा व्होल्टेज निवडायचा स्विच असलेला नवा प्रोग्रॅमर घ्यायचा. घेतल्यावर डेटाच्या लाइनीवर मीटर लावून खात्री करा. बोर्डचा रंग पाहून विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट चिपचं व्होल्टेज. डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ही २.७ ते ३.६ व्होल्टची चिप. पण डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू ही १.८ व्होल्टची, आणि दोन्हीच्या नंबरात फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. मॅक्रोनिक्सच्या एमएक्स२५एल ३ व्होल्टच्या, एमएक्स२५यू १.८ च्या. गिगाडिव्हाइसच्या जीडी२५क्यू ३ व्होल्टच्या, जीडी२५एलक्यू १.८ च्या. १.८ ची असेल तर मधे १.८ व्होल्टचा अडॅप्टर लागतोच. भिंगाखाली नंबर पूर्ण वाचल्याशिवाय यूएसबी लावू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाणारी. क्लिपमधून तुम्ही ८ नंबरच्या पायाला ३.३ व्होल्ट देता तेव्हा ती वीज फक्त चिपला मिळत नाही. बोर्डवर तो पाय ज्या रेलला (अनेक चिपांना वीज पुरवणाऱ्या सामायिक लाइनीला) जोडलाय त्या सगळ्या रेलला मिळते, आणि त्या रेलवर चिपसेट, एम्बेडेड कंट्रोलर असे भुकेले बसलेले असतात. प्रोग्रॅमरवरचा छोटा रेग्युलेटर गरम होतो, व्होल्टेज खाली येतं. वर चिपसेट अर्धवट जागा झाला की तोही त्याच तारांवर बोलायला लागतो. तुम्ही डम्प काढताय आणि मधूनमधून तो घुसतो. परिणाम: आयडी बरोबर, डम्प दरवेळी वेगळा.

हे कसं ओळखायचं? क्लिप लावलेली, यूएसबी जोडलेली असताना चिपच्या ८ आणि ४ नंबरच्या पायांवर थेट व्होल्टेज मोजा. ३.२ ते ३.३ असेल तर ठीक. २.७ च्या खाली गेलं असेल तर ती चिप तिच्या मर्यादेबाहेर चालतेय, मग निकाल काहीही येऊ शकतो. बरेचदा वाचणं होतं आणि मिटवणं-लिहिणं फसतं, कारण लिहिताना चिप स्वतःही जास्त करंट ओढते, २५ मिलिअँपिअरपर्यंत. तेवढ्याने आधीच ताणलेलं व्होल्टेज आणखी घसरतं. त्याआधी, यूएसबी न लावता, ८ आणि ४ मधला रेझिस्टन्सही बघून ठेवा. तो दोन-चार ओहमच असेल तर क्लिपमधून वीज देण्याचा प्रयत्नच करू नका.

काही बोर्डांवर चिपच्या वीजपुरवठ्यात डायोड टाकून ती वेगळी केलेली असते, तिथे क्लिप लगेच काम करते. काही बोर्डांवर कितीही डोकं फोडा, होत नाही. तिथे दोन वाटा. एक म्हणजे फक्त ८ नंबरचा पाय सोल्डर वितळवून बारीक सुईने उचलायचा, म्हणजे वीज फक्त चिपला जाईल. लाइनींवर चिपसेट तरीही असतो, पण तो बिनविजेचा असल्याने सहसा गप्प राहतो. दुसरी म्हणजे चिप काढायची: आजूबाजूच्या कनेक्टरांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी), फ्लक्स, हॉट एअर साधारण ३५० अंश, आणि मग २०८ मिलच्या सॉकेट अडॅप्टरमध्ये टाकून सावकाश काम. पाय उचलणं वेगवान वाटतं, पण पाय तुटला की चिप गेली. हात बसेपर्यंत पूर्ण चिप काढणंच बरं.

बोर्डला चार्जर लावून बोर्डचीच वीज वापरायची आणि क्लिपची ८ नंबरची तार सोडून द्यायची, असंही काही लोक करतात. काही बोर्डांवर चालतं. पण दोन्हीकडची वीज एकदम लागली तर नुकसान होतं, त्यामुळे शिकत असताना हा मार्ग नको.

डम्प खरा की खोटा हे ठरवताना एकच नियम: तीनदा वाचा, आणि मधल्या एका वेळी क्लिप काढून परत लावा. तिन्ही फाइलींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळला पाहिजे. विंडोजमध्ये सर्टयुटिल या कमांडने काढता येतो. ६४ मेगाबिट म्हणजे फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइट. पण नुसतं जुळणं पुरेसं नाही, तिन्ही फाइली एफएफनी भरलेल्या असल्या तरी हॅश जुळतो. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. इंटेलच्या बहुतेक बोर्डांवर सुरुवातीपासून हेक्स १० या जागी ५ए ए५ एफ० ०एफ हे चार बाइट दिसतात. बोर्डवर दोन बायोस चिपा असतील तर हे फक्त एकीवर दिसेल, त्यामुळे दुसरीवर नाही म्हणून घाबरू नका. हा पहिला खरा डम्प दोन ठिकाणी जपून ठेवा. त्यात मशीनचा सीरियल नंबर, विंडोजची की, काही बोर्डांवर लॅनचा मॅक पत्ता असतो, आणि नेटवरून उतरवलेल्या दुसऱ्याच्या फाइलमध्ये तुमच्या ग्राहकाचं यातलं काहीच नसतं. वाचणं पक्कं आणि तरी मिटवणं होत नसेल, तर क्लिप बदलण्याआधी चिपच्या स्टेटस रजिस्टरमधले ब्लॉक प्रोटेक्टचे (लिहिणं-मिटवणं अडवणारे) बिट बघा.

बाकी पॅकेजबद्दल थोडक्यात. डब्ल्यूएसओएन-८ ला बाहेर पाय नसतात, कडेला फक्त चकत्या असतात, त्यावर कुठलीच क्लिप बसत नाही. त्यासाठी पोगो पिनांचा (स्प्रिंगवर दबणाऱ्या पिनांचा) प्रोब लागतो, तोही ६ बाय ५ मिमीचा की ८ बाय ६ चा हे मोजून. हात स्थिर नसेल तर लिहिण्यासाठी तो वापरू नका, वाचण्यापुरता ठीक. सोळा पायांच्या फ्लॅशला वेगळी क्लिप, आणि तिचे पाय वेगळे आहेत: वीज २ वर, ग्राउंड १० वर, चिप सिलेक्ट ७ वर, क्लॉक १६ वर. आठ पायांच्या सवयीने जोडलं तर फसाल. टीएसएसओपी-८ चं अंतर ०.६५ मिमी, तिथे साधी एसओपी क्लिप लावायचा हट्ट करू नका, बारीक तारा सोल्डर करा.

तुमच्या बाबतीत आज करण्यासारखं: टाचणी आणि ओहम मीटरने आहे त्याच क्लिपची परीक्षा करा. एखादा संपर्क वर सरकत असेल तर नवी क्लिप घ्या, साधी चालेल, पण निवडून. सगळे आठ एक ओहमच्या आत असतील तर क्लिपवर एक रुपयाही घालू नका. आधी प्रोग्रॅमरची ५ व्होल्टची भानगड मिटवा आणि ८ नंबरच्या पायावरचं व्होल्टेज मोजा. तरीही अडलं तर चिपचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरांसकट, ८-४ मधला रेझिस्टन्स आणि क्लिप लावल्यावरचं व्होल्टेज, हे तीन आकडे लिहा. बोर्ड कुठे वीज खातोय ते त्यावरून सांगता येईल.